येकातेरिनबुर्ग, १६ जुलैची रात्र: लेकीला चालायला पाठवू का?

लेकीचा बाप
नमस्कार मंडळी. थोरली येकातेरिनबुर्गला डॉक्टरकी शिकतेय, तिसरं वर्ष संपलं. हॉस्पिटलातल्या प्रॅक्टिससाठी उन्हाळ्यात तिथंच थांबलीये आणि एका आजीबाईंकडे खोली घेतलीये. आजींच्या घरात एका कोपऱ्यात देवाच्या तसबिरी आहेत, त्यात शेवटच्या झारचं अख्खं कुटुंब. राजा, राणी, चार मुली, एक मुलगा, सगळ्यांच्या डोक्यामागे सोनेरी वलय, पुढे दिवा. १६ जुलैच्या रात्री आजी चर्चला जाणार आणि तिथून जंगलातल्या कुठल्याशा खाणीपर्यंत २१ किलोमीटर चालणार. लेकीला म्हणाल्या, तूही चल. लेक तयार, तिची आई काळजीत. मला शाळेत शिकवलं होतं की झार जुलमी होता म्हणून क्रांती झाली. मग त्याच्यापुढे दिवा कसा? आणि परधर्माच्या मुलीनं गेलेलं चालतं का?

भटक्या
बिनधास्त पाठवा. जुने, पायाला बसलेले बूट घालायला सांगा, आणि डासांचं मलम. तिथल्या जंगलातले डास आपल्याकडच्यांना लाजवतील.

जुनी दुभाषी
दादा, आधी आईची काळजी मिटवते. मी २०१८ साली चालले आहे. शंभरावं वर्ष होतं, लाखभर लोक होते म्हणतात, रशियन चर्चचे प्रमुख, पॅट्रिआर्क किरील, स्वतः चालत होते. वय तेव्हाच साठीपलीकडचं आणि गुडघे माझे. तुमची लेक सहज चालेल. डोक्याला रुमाल, पायघोळ स्कर्ट, हातात मेणबत्ती, एवढं पुरे. चर्चमध्ये बसायला बाकं नसतात, पूजेभर उभं राहायचं. शेवटी प्रसादासारखं वाइन-पाव देतात ते मात्र घ्यायला जायचं नाही, ते फक्त त्यांच्या पंथात दीक्षा घेतलेल्यांना. बाकी कुणी काही विचारत नाही.

आता जागा समजून घ्या. तिथं पूर्वी इपात्येव नावाच्या इंजिनिअरचं घर होतं. १६ आणि १७ जुलै १९१८ च्या मधल्या रात्री तळघराच्या खोलीत अकरा माणसांना गोळ्या घातल्या. झार निकोलाय, अलेक्सांद्रा, ओल्गा, तात्याना, मारिया, अनास्तासिया, तेरा वर्षांचा अलेक्सेई, आणि चार नोकरीतली माणसं. सोव्हिएत सरकारनं ते घर १९७७ साली पाडलं. पाडायचा हुकूम मॉस्कोचा, बजावणी करणारे पक्षाचे स्थानिक प्रमुख बोरिस येल्त्सिन. त्या जागेवर आता ‘रक्तावरचं चर्च’ आहे, २००३ साली उघडलं. आणि बाजूच्या रस्त्याला नाव अजून कार्ल लीबक्नेख्त या जर्मन कम्युनिस्टाचं! रशियात असले जोड फार सापडतात, मी हसणं सोडून दिलंय.

रात्री बारापासून पूजा चालते. अडीचच्या सुमारास माणसं निघतात, तीनलाच फटफटू लागतं. तुम्हाला वारी आठवेल, मलाही आठवली होती, पण दोन पावलांत कळलं की हे वेगळं आहे. टाळ नाही, अभंग नाही. एकच ओळ, ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवपुत्रा, माझ्यावर दया कर’, हजारो माणसं हळू आवाजात तेवढीच म्हणत राहतात. आणि वेग! आपण वारीत रमतगमत जातो. हे लोक गाडी गाठायची असल्यासारखे चालतात. वाटेतल्या शुवाकिश गावापर्यंत मी मागे पडत पडत शेवटच्या माणसांत पोचले होते.

शेवट गानिना यामाला. जुन्या खाणीचा खड्डा, भोवती पाइनचं जंगल, खड्ड्याच्या काठानं लावलेली पांढरी लिली, आणि मठात सात चर्चं, कुटुंबातल्या एकेकाचं एकेक. मारेकऱ्यांनी पहिल्या रात्री मृतदेह इथं टाकले. पण जागा सगळीकडे बोभाटली, म्हणून पुढच्या रात्री परत उपसून दुसरीकडे नेत असताना ट्रक चिखलात रुतला. तिथंच रस्त्यात खड्डा खणून पुरले आणि वर रेल्वेचे स्लीपर टाकले. त्या जागेचं नाव पोरोसेन्कोव लोग, म्हणजे डुकराच्या पिल्लाची घळ. १९७९ साली अव्दोनिन नावाच्या भूवैज्ञानिकाला आणि र्‍याबोव या लेखकाला हाडं सापडली ती तिथं. भीतीनं त्यांनी दहा वर्षं तोंड उघडलं नाही. उत्खनन झालं १९९१ मध्ये.

म्हणजे एवढी माणसं चालतात ती हाडं सापडलेल्या जागेकडे नव्हे. चर्च सुरुवातीपासून १९१९ च्या तपास अधिकाऱ्याचं, सोकोलोवचं म्हणणं धरून बसलं, की गानिना यामालाच सगळं जाळून संपवलं. म्हणून १७ जुलै १९९८ ला पीटर्सबर्गच्या पीटर-पॉल कॅथेड्रलमध्ये नऊ जणांचे अवशेष पुरले तेव्हा येल्त्सिन, आता राष्ट्राध्यक्ष झालेले, हजर आणि तेव्हाचे पॅट्रिआर्क अलेक्सी दुसरे गैरहजर. पूजा सांगणाऱ्या धर्मगुरूनं एकाचंही नाव घेतलं नाही. ‘ज्यांची नावं, प्रभू, तुला ठाऊक आहेत’ असं म्हणून वेळ मारून नेली. टीव्हीवर पाहिलं होतं मी. शवपेट्या समोर, सगळ्या जगाला नावं पाठ, आणि उच्चारायची नाहीत. राग आला होता. अजूनही थोडा आहे.

संशयात्मा
ताई, सगळं खरं, पण मुख्य प्रश्नाचं काय? १८९६ ला राज्याभिषेकाच्या वेळी खोदिन्का मैदानावर फुकटचे पेले आणि खाऊ वाटताना चेंगराचेंगरीत तेराशेहून जास्त माणसं मेली, आणि हे महाराज त्याच संध्याकाळी फ्रेंच राजदूताकडे नाचायला गेले. १९०५ ला तसबिरी हातात घेऊन अर्ज द्यायला आलेल्या कामगारांवर गोळीबार. हा संत असेल तर मग कुणीही संत.

जुनी दुभाषी
संशयात्मा, तुमची यादी चर्चनंही पाहिली होती. मेट्रोपॉलिटन, म्हणजे वरच्या दर्जाचे बिशप, युवेनाली यांच्या समितीनं १९९६ साली स्पष्ट म्हटलं की राज्यकारभारात संतपद देण्याजोगं काही नाही. २० ऑगस्ट २००० ला घोषणा झाली तीही ‘हुतात्मा’ म्हणून नाही. शब्द आहे ‘स्त्रास्तोतेर्पेत्स’, यातना सोसणारा. श्रद्धा सोडत नाही म्हणून मारला तो हुतात्मा. राजकारणापायी मारला गेला, पण मारणाऱ्याचा द्वेष न करता मरणाला सामोरा गेला, तो हा. रशियाच्या पहिल्या संतांतले बोरिस आणि ग्लेब हे राजपुत्र असेच, १०१५ साली भाऊबंदकीत मारले गेले. म्हणजे गौरव बावीस वर्षांच्या राज्याचा नाही, शेवटच्या सोळा-सतरा महिन्यांच्या कैदेचा. सोयीची वाटणी आहे का? आहे. पण निदान उघड केलेली आहे. परदेशात गेलेल्या रशियनांचं चर्च मॉस्कोपासून वेगळं होतं, त्यानं १९८१ मध्येच न्यूयॉर्कला सगळ्यांना सरळ हुतात्मे करून टाकलं होतं, नोकरांसकट. त्यात त्रुप हा खिदमतगार तर कॅथलिक, म्हणजे त्यांच्या पंथाचाच नव्हता!

आणि दादा, तुमचा दिव्याचा प्रश्न. त्यांच्यात मेलेल्यासाठी करायची ती ‘पानिखिदा’, आणि संताकडे मागायचं तो ‘मोलेबेन’. आपण आजोबांचं श्राद्ध घालतो, ज्ञानेश्वरांचं घालत नाही, आळंदीला समाधी सोहळा करतो. तसंच. २००० पर्यंत मॉस्कोच्या चर्चमध्ये झारसाठी प्रार्थना व्हायची, त्यानंतर झारकडे. आजींच्या कोपऱ्यात दिवा आहे तो त्यामुळे.

लेकीला आणखी एक सांगा. अकरा जणांत डॉक्टर होते, येवगेनी बोत्किन. त्यांना सोडून जाता आलं असतं, गेले नाहीत. त्यांना संतपद मिळायला २०१६ उजाडलं. त्यांच्या वडिलांचं नाव तिला अभ्यासात भेटलं असेल, कारण ए प्रकारच्या काविळीला रशियात ‘बोत्किनचा आजार’ म्हणतात.

फोर्टकर
मुंबईचा धागा मी जोडतो. निकोलाय युवराज असताना डिसेंबर १८९० मध्ये ‘पाम्यात अझोवा’ जहाजातून मुंबईला उतरला होता. बरोबर धाकटा भाऊ गिओर्गी. तो आजारी पडला आणि मुंबईहूनच परत फिरला. क्षयानं १८९९ ला गेला. निकोलाय पुढे जपानला पोचला तर ओत्सूला एका पोलिसानंच तलवार चालवली. डोक्यावर निभावलं, सदरा रक्तानं भरला.

आता गंमत बघा. १९९० च्या दशकात निकोलायच्या मानलेल्या सांगाड्याच्या डीएनएत एका जागी दोन प्रकारची अक्षरं निघाली, शास्त्रज्ञ अडले. १९९४ ला गिओर्गीचं थडगं उघडलं तर त्याच्यातही त्याच जागी तीच भेसळ. आणि तो सदरा हर्मिटाज संग्रहालयात जपलेला होता. २००७ ला अलेक्सेई आणि मारिया यांच्या हाडांचे तुकडे सापडल्यावर सदऱ्यावरचं रक्तही तपासलं, जुळलं. एका सहलीतून परत फिरलेला भाऊ आणि एक मळका सदरा, साक्षीला दोघं.

संशयात्मा
हे माहीत नव्हतं. तरी सदऱ्यानं माणूस ओळखू येतो, संत नाही.

जुनी दुभाषी
कबूल.

लेकीचा बाप (१८ जुलै)
मंडळी, लेक गेली आणि सुखरूप आली. तळव्याला दोन फोड, बाकी ठीक. आजी पंचाहत्तरीच्या, तिच्या पुढे होत्या म्हणे.

निघण्याआधी चर्चच्या दारात चिठ्ठ्या लिहितात, एक जिवंतांच्या नावांची, एक मेलेल्यांची. आजींनी मेलेल्यांच्या चिठ्ठीत आपला नवरा, आईवडील लिहिले आणि खाली दोन नावं, आन्ना आणि इओआन. लेकीनं विचारलं, हे तुमचे कोण? तर त्या तळघरात मारलेली दासी आन्ना देमिदोवा आणि आचारी इवान खारितोनोव. झारचं नाव लिहायचं नसतं, तो संत झाला, त्याला आता आपल्या प्रार्थनेची गरज नाही. डॉक्टरसाहेबही सुटले. या दोघांना मॉस्कोनं अजून संत केलेलं नाही, मग यांच्यासाठी कुणी मागायचं, म्हणून आजी दरवर्षी लिहितात.

ताई, तुम्ही सांगितलं नसतं तर तिला यातलं काही कळलं नसतं. पुढच्या वर्षी तिची आई जायचं म्हणतेय. बूट कुठले घ्यावेत?