जुनी ऑक्टाव्हिया आरएस की लॉरा आरएस: कोणत्या सालची टाळावी? (बडोदा)

दांडियाबाजारकर
नमस्कार मंडळी. रोजच्या कामाला वॅगनआर आहे, ती राहणारच. पण अकरावीत असताना शेजारच्या दादाने लाल स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसमधून (ऑक्टाव्हियाचं जास्त ताकदीचं, स्पोर्टी मॉडेल) अहमदाबाद एक्सप्रेसवेवर नेलं होतं, तेव्हापासून ती गाडी डोक्यातून गेलेली नाही. सहा वर्षं साठवून वीस लाखांपर्यंत जमवले आहेत. तीन गाड्या समोर आहेत: ओळखीतल्या काकांची २००६ ची ऑक्टाव्हिया आरएस, इथल्याच एका डीलरकडची २०१२ ची लॉरा आरएस (पुढच्या पिढीची ऑक्टाव्हिया आपल्याकडे लॉरा नावाने यायची; सेकंड ओनर, ७८ हजार किलोमीटर) आणि पुण्यातली २०१८ ची ऑक्टाव्हिया आरएस. बाबांचं म्हणणं, एवढ्या पैशांत नवी कोरी घे. माझं मन तिकडे वळत नाही. कोणत्या सालची घेऊ नये आणि बघायला जाताना काय तपासावं, कृपया सविस्तर सांगा.

टॉर्करेंच
साल नंतर, आधी गाडी खरी आरएस आहे का ते बघा. साध्या गाडीला आरएसचा बिल्ला लावून विकणारे भेटतात. सोपी खूण गिअरची. पहिली ऑक्टाव्हिया आरएस आपल्याकडे पाच गिअरच्या मॅन्युअलमध्येच आली, लॉरा आरएस सहा गिअरच्या मॅन्युअलमध्येच, आणि २०१७ पासूनची फक्त डीएसजीमध्ये (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स). कोणी ऑटोमॅटिक 'लॉरा आरएस' दाखवली तर तिथूनच मागे फिरा.

काकांची गाडी: १.८ टर्बो, १५० पीएस (अश्वशक्तीचं माप), इंजिन दणकट. पण त्यात टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टन एका तालात ठेवणारा पट्टा) आहे, आणि तो किलोमीटरने जेवढा झिजतो तेवढाच वयानेही. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, मग इंजिन उघडण्यावाचून गत्यंतर नाही. बेल्टबरोबर वॉटर पंप बदलला होता का, तेही विचारा. मूळ पंपाचा आतला पंखा प्लॅस्टिकचा असतो, तो तडकतो. बिल दाखवता येत नसेल तर बदललेलाच नाही असं धरून चाला. गाडीला पंधरा वर्षं होऊन गेलीत, म्हणजे फिटनेस करून आरसी पाच वर्षांसाठी नव्याने काढलेली आहे का, तेही बघा.

टाळायचीच तर मी २०११-१२ ची लॉरा टाळेन. तिचं १.८ टीएसआय (टर्बो पेट्रोल) इंजिन ज्या पिढीचं आहे, त्या पिढीच्या पिस्टनवरच्या ऑइल रिंगा बारीक आहेत. त्यांची भोकं कार्बनने बुजतात आणि इंजिन ऑइल प्यायला लागतं. दुसरं दुखणं टायमिंग चेनच्या (इथे बेल्टऐवजी चेन आहे) टेन्शनरचं, म्हणजे चेन ताणून धरणाऱ्या भागाचं. सुरुवातीच्या टेन्शनरची पकड सुटून चेन दात सोडते, आणि नुकसान बेल्ट तुटल्यासारखंच होतं. टेन्शनर पुढे सुधारला गेला, म्हणून बदलल्याचं बिल मागा. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना, तुमच्या देखत पहिला स्टार्ट मारायला लावा. बॉनेटवर हात ठेवून बघा. आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी जा. पहिल्या दोन-तीन सेकंदांत खुळखुळ आवाज आला तर चेन उघडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

२०१७-१८ ची २३० पीएस ही त्यातल्या त्यात निर्धास्त. इंजिन पुढच्या पिढीचं. थर्मोस्टॅट-वॉटर पंपाचं प्लॅस्टिकचं हाउसिंग गळतं, तेवढं बघा. कूलंटची पातळी कमी आणि वाळलेले गुलाबी डाग ही त्याची खूण. डीएसजीच्या नावाने घाबरू नका. बदनाम झाला तो सात गिअरचा, कोरड्या क्लचचा. २०१३ मध्ये फोक्सवॅगनने त्याचंच ऑइल बदलायला जगभरातून सोळा लाख गाड्या बोलावल्या होत्या. आरएसमधला सहा गिअरचा, ओल्या (तेलात बुडालेल्या) क्लचचा. दर ६० हजार किलोमीटरला त्याचं ऑइल आणि फिल्टर बदललेला हवा. रीमॅप केलेली (ताकद वाढवायला इंजिनाचं सॉफ्टवेअर बदललेली) गाडी असेल तर मी घेणार नाही.

मकरपुरा_लॉरा
वरच्याशी अर्धाच सहमत. माझ्याकडे २०१३ ची लॉरा आरएस आहे, दर रविवारी डिपस्टिकने ऑइलची पातळी बघतो, आजवर तक्रार नाही. सालापेक्षा मालक बघा. गाडी आवडली तर ऑइल काठोकाठ भरून घ्या, हजार किलोमीटर चालवून पुन्हा मोजा, अशी अट घाला. अर्ध्या लिटरपेक्षा जास्त खाल्लं तर सोडून द्या.

समारोड
तुम्ही दोघं इंजिनाचं साल सांगताय, पण बडोद्यात दुसरं एक साल बघावंच लागतं: २०२४. ऑगस्टच्या शेवटी विश्वामित्री नदी २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्याही वर गेली. समा, अकोटा, मुजमहुडा, सगळीकडे पार्किंगमधल्या गाड्या छतापर्यंत बुडाल्या. आमच्या सोसायटीत पाणी ओसरल्यावर चौदा गाड्या क्रेनने बाहेर काढल्या. त्यातल्या किती धुऊन-पुसून विकल्या गेल्या, ते मी डोळ्यांनी बघितलं आहे. त्याआधी ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस पडला होता, तेव्हाही हेच.

मीसुद्धा फसलोय. एका डीलरकडून गाडी घेतली, चकाचक, नवी सीट कव्हरं. दोन महिन्यांनी काचा आपोआप खाली जायला लागल्या. जुन्या मिस्त्रीने कार्पेट उचललं, खालचा फोम पिळला आणि म्हणाला, "साहेब, आ गाडी पाणीमां गयेली छे." वायरिंगच्या कनेक्टरवर हिरवा थर होता. आरएससारख्या गाडीत इलेक्ट्रॉनिक्स दुप्पट, म्हणून तळमळून सांगतोय: सीट बेल्ट शेवटच्या टोकापर्यंत ओढा आणि खालचा भाग बोटांनी चोळा. सीटच्या रेलचे बोल्ट, स्टेपनीखालचा खड्डा बघा. आणि २०२४-२५ च्या आधीची व नंतरची अशा दोन्ही विमा पॉलिसी मागा. नो क्लेम बोनस ५० टक्क्यांवरून एकदम शून्यावर आला असेल तर त्या वर्षी काय घडलं ते विचारा.

दांडियाबाजारकर
आज लॉरा बघून आलो. पहिल्याच स्टार्टला आवाज नव्हता, मन खूश झालं होतं. मग मागचा बेल्ट ओढला. वरचा हातभर पट्टा स्वच्छ काळा, आणि त्याखाली एक सरळ फिकी पिवळट रेघ. बोटावर बारीक माती आली. विम्याचे कागद मागितले तर "संध्याकाळी व्हॉट्सअॅप करतो" म्हणाला, अजून आलेले नाहीत. सोडली. समारोडदादा, तुमचे खरोखर आभार.

शनिवारी रात्रीच्या गाडीने पुण्याला निघतोय. तिथली आवडली तर इकडे आणायला काय करावं लागेल?

टॉर्करेंच
मूळ आरटीओची एनओसी, फॉर्म २८. गुजरातचा टॅक्स नव्याने भरावा लागेल, महाराष्ट्राचा उरलेल्या वर्षांचा परतावा मागता येतो पण त्यासाठी चकरा माराव्या लागतात. तो खर्च भाव ठरवतानाच धरा. आणि पुण्यातही पाणी भरतं, तेव्हा बेल्ट तिथेही ओढा. डीएसजी ऑइलचं बिल दिसलं की इथे फोटो टाका (मालकाचं नाव झाकून), रात्री बघून सांगतो.