मदत हवी आहे : ६७००४१७ ही मूळ संख्या आहे हे हाताने कसं दाखवायचं?

नमस्कार मंडळी,

सध्या ४२९४९६७२९७ या संख्येने मला झपाटलंय. ही म्हणजे २^३२ + १ (^ हे चिन्ह घातासाठी). ३, ५, १७, २५७, ६५५३७ या मालिकेतली (२ चा घात १, २, ४, ८, १६ असा दुप्पट करत जायचा आणि १ मिळवायचा) ही पुढची. आधीच्या पाचही मूळ आहेत, आणि पुढच्या सगळ्या मूळच असणार असं फ्रेंच गणिती फर्मा मानत होता. १७३२ साली ऑयलर या गणितीने हिचे अवयव पाडले: ६४१ × ६७००४१७.

६४१ ने भाग जातो हे दाखवायची रीत इतकी सुंदर आहे की इथे लिहितोच. ६४१ = ५×२^७ + १, आणि ६४१ = ५^४ + २^४ सुद्धा. ६४१ ने भागल्यावर ५×२^७ ची बाकी −१ (म्हणजे पूर्ण भाग जायला १ कमी), म्हणून चौथा घात घेतला की ५^४×२^२८ ची बाकी १. आता ५^४ च्या जागी −२^४ ठेवा. −२^३२ ची बाकी १ आली, म्हणजे २^३२ + १ ला पूर्ण भाग गेला. प्रत्यक्ष भागाकार करावाच लागत नाही!

अडलंय ते दुसऱ्या अवयवापाशी. ६७००४१७ चं वर्गमूळ २५८८ च्या आसपास येतं. तिचा कोणताही मूळ अवयव प घेतला, तर २^३२ ची बाकी −१ आणि २^६४ ची बाकी १, म्हणून प − १ ला ६४ ने भाग जायलाच हवा. इथवर कळतंय. पण ६४क + १ या रूपाच्या ४० संख्या तरीही उरतात. एके ठिकाणी ६४ ऐवजी थेट १२८ घेतलेले दिसले, कारण दिलं नव्हतं. हे १२८ आले कुठून? संगणकाशिवाय पटेल असं उत्तर हवंय.

प्रतिसाद

प ला ८ ने भागलं की बाकी १ उरते (६४क + १ आहे ना!). अशा प्रत्येक मूळ संख्येसाठी एक अ असा सापडतोच की अ^२ ची बाकी २ येते. १७ वर पाहा: ६^२ = ३६, बाकी २. मग अ^६४ ची बाकी −१ आणि अ^१२८ ची बाकी १. तुम्ही २ ला लावलेला युक्तिवाद आता अ ला लावा, प − १ ला १२८ ने भाग जातो.

२५८८ पर्यंत अशा २० च संख्या, आणि त्यांत मूळ फक्त २५७, ६४१, ७६९, ११५३, १४०९. २५७ लगेच बाद: २^८ ची बाकी −१, म्हणून २^३२ ची १ आणि आपल्या मोठ्या संख्येची २. उरले चार भागाकार. त्यात ६४१ नेही भागून पाहायचं, कारण तो अवयव दोनदा आलेला नाही हेही दाखवायला हवं.

धागाकर्ता

मनापासून आभार! भागाकार केले. ६४१, ७६९, ११५३, १४०९ यांच्या बाक्या अनुक्रमे ४४, १२०, ३३४, ६२२. म्हणजे ६७००४१७ मूळच.

आता पुढचं. २^६४ + १ साठी याच रीतीने २५६क + १ हे रूप मिळतं, आणि लँड्री या गणितीने १८८० साली काढलेला २७४१७७ हा अवयव क = १०७१ ला येतो. ६४१ ची जशी दोन रूपं जोडून दोन ओळींत काम झालं, तसं २७४१७७ साठी कुणाला जमलंय का?