बॉबस्लेड: शिरपूरच्या धावपटूला यात वाट आहे का?

प्रश्न: क्रीडाशिक्षक_शिरपूर

राम राम मंडळी. आमच्या मैदानावर सरावाला येणाऱ्या एका मुलाबद्दल विचारायचं आहे. वय 21, उंची 1 मीटर 84 सेंटिमीटर, वजन 82 किलो. 100 मीटर 10.9 सेकंदांत, स्क्वॉट 150 किलो. पहिले 30 मीटर त्याच्यापुढे कोणी जात नाही, शेवटच्या 40 मध्ये मात्र मागे पडतो. त्याच्या मनात बॉबस्लेडने, म्हणजे बर्फाच्या उतरत्या नाळेतून घसरगाडी (स्लेड) पळवायच्या खेळाने, घर केलंय. इकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, बर्फ कुठला मिळणार? तरी इथं राहून कोणती तयारी करता येईल, वजन किती वाढवावं आणि नोंदणी कुठं होते, हे जाणकारांनी नीट सांगावं.

सातपुडा_स्प्रिंट

सर, पहिले 30 मीटर खरंच असे असतील तर मुलगा पुशर (सुरुवातीला स्लेड ढकलणारा) किंवा ब्रेकमन (ढकलून मागे बसणारा, शेवटी ब्रेक लावणारा) म्हणून विचार करण्यासारखा आहे. फक्त 82 किलो कमी पडतात.

हिशेब बघा. दोघांच्या स्लेडचं माणसं आणि सामान धरून कमाल वजन 390 किलो, रिकाम्या स्लेडचं किमान 170. उरले 220, म्हणजे माणशी 110. तुमचा 82 चा आणि जोडीदार 95 चा धरला तर 43 किलो शिल्लक राहतात. तेवढं वजन स्लेडमध्ये घालायला परवानगी असते, पण मग 170 ऐवजी 213 किलो ढकलायचे, आणि तेही हलक्या माणसांनी. वजन घातलंच नाही तर उतारावर वेग कमी पडतो. चौघांच्या स्लेडला हेच आकडे 630 आणि 210 आहेत, म्हणजे माणशी 105. म्हणून 98 ते 100 किलोचं लक्ष्य ठेवा, पण वर्षाला सहा-सात किलोच्या वर घाई नको. दर महिन्याला 30 मीटरची वेळ घ्या. वजन चढतंय आणि वेळही चढतेय, तर ती नुसती चरबी आहे. केळी, शेंगदाणे, उडदाची डाळ, दूध, अंडी यांवर हे होतं. डब्यातल्या पावडरीपासून सांभाळा: तिच्यात बंदी असलेलं काही निघालं तर जबाबदार खेळाडूच धरला जातो.

आता धक्का. पहिल्या 15 मीटरला घड्याळ चालू नसतं, पुढच्या 50 मीटरची वेळ धरतात. ती साधारण 5 सेकंदांची असते. वर सुरुवातीला सेकंदाचा एक दशांश गमावला की खाली शेवटी तीन दशांश जातात, असा या खेळातला ठोकताळा आहे. गाडी किंवा ट्रॉली ढकलून ताकद येते, पण अर्धंच काम होतं. वीस-पंचवीस मीटरनंतर स्लेड स्वतःच पळू लागते, आणि तिच्या वेगाने पाय हलले नाहीत तर खेळाडू दांड्याला लोंबकळत फरपटतो. म्हणून सराव दोन. जड ढकलगाडी 10 ते 15 मीटर, कंबरेत वाकून, हात ताठ, सहा फेऱ्या, दोन फेऱ्यांमध्ये चार मिनिटं पूर्ण विसावा. आणि वेगळ्या दिवशी 2-3 टक्के उताराच्या मऊ मातीच्या वाटेवर 40 मीटर पूर्ण जोरात. वाकून पळताना हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) ताणलेल्या अवस्थेत जोर लावते आणि तिथंच धरते, म्हणून नॉर्डिक कर्ल (गुडघ्यांवर बसून, घोटे धरून ठेवून, अंग हळूहळू पुढे झुकवणं) आठवड्यातून दोनदा, पाचच्या तीन फेऱ्या. उन्हाळ्यात हे सगळं सकाळी सातच्या आत उरका.

चढण्यात ब्रेकमनचा नंबर शेवटचा. उडी घेताना दांडा खाली दाबला की स्लेड डुलते आणि कमावलेला वेग जातो. शेवटची रेघ ओलांडताना सगळे आत नसतील तर संघ बाद. आत असतील तर उलटलेल्या स्लेडचीसुद्धा वेळ धरतात.

बर्फवाट

वरचं सगळं बरोबर. सर, मी पुढचं सांगतो.

पुशरला एखाद-दोन हंगामांत संघात घेतात, पायलट (पुढे बसून स्लेड चालवणारा) घडायला वर्षं लागतात. पायलटच्या हातात दोन कड्या, त्यांच्या दोऱ्या पुढच्या रनरला (स्लेडखालच्या पोलादी पट्टीला). ब्रेक फक्त रेघ ओलांडल्यावर. ट्रॅक साधारण 1200 ते 1500 मीटरचा, मिनिटभराचा खेळ, वेग ताशी 130 किलोमीटरच्या पुढे. प्रत्येक वळण कुठं धरायचं, कुठं सोडायचं हे ट्रॅकवरून पायी उतरत पाठ करावं लागतं. वळण संपताना स्लेड अजून उंचावर असेल तर ती आपटते किंवा उलटते. कॅनडातल्या व्हिसलरच्या 13व्या वळणाला 'फिफ्टी-फिफ्टी' हे नाव उगाच नाही पडलं.

नव्या पुशरच्या वाट्याला रनर घासायचं कामही येतं: जाड पॉलिश पेपरपासून बारीकपर्यंत, नेहमी लांबीच्या दिशेने. एक आडवा ओरखडा राहिला तरी घर्षण वाढतं. शर्यतीआधी रनरचं तापमान मोजतात. उघड्यावर ठेवलेल्या प्रमाण रनरपेक्षा ते 4 अंशांहून जास्त भरलं की संघ बाद.

नोंदणी आंतरराष्ट्रीय महासंघाकडे, म्हणजे आयबीएसएफकडे होते. कार्यालय स्वित्झर्लंडमध्ये लोझानला आहे. पण ती राष्ट्रीय सदस्य संघटनेमार्फतच, खेळाडूला थेट नाही. म्हणून कोणालाही फी देण्याआधी महासंघाला ईमेल करून भारताचा मान्य सदस्य कोण, हे लेखी मागवा. स्लेड विकत घ्यायच्या फंदात पडू नका. नवे देश ती भाड्याने घेतात. हंगामाचा बराच भाग युरोपात जातो आणि शेंगेन व्हिसावर (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) 180 दिवसांत 90 च दिवस राहता येतं. शिबिर आणि शर्यती यांची सांगड आधीच घाला, नाहीतर ऐन हंगामात परतावं लागतं.

क्रीडाशिक्षक_शिरपूर

दोघांचे आभार. एक गोळाफेकीची मुलगी आहे, तीही वेगवान आहे. तिला काही? आणि डोक्याच्या दुखापतीचं ऐकून पालक घाबरलेत.

सातपुडा_स्प्रिंट

मुलीची वाट मला जास्त सरळ वाटते. बीजिंग 2022 पासून महिलांचा मोनोबॉब ऑलिंपिकमध्ये आहे: एकटीनेच ढकलायचं, एकटीनेच चालवायचं, स्लेड सगळ्यांना एकाच धाटणीची. मैदानी खेळातून आलेल्या बायकांनी त्याआधी दोघींच्या बॉबस्लेडमध्येही पदकं घेतलीत. अमेरिकेची व्होनेटा फ्लॉवर्स धावपटू आणि लांब उडीची, तिला 2002 ला सुवर्ण. लॉरिन विल्यम्सला 2012 ला लंडनमध्ये रिलेचं सुवर्ण आणि 2014 ला सोचीत बॉबस्लेडचं रौप्य.

पालकांची भीती रास्त आहे, ती उडवून लावू नका. धोका फक्त उलटण्याचा नाही. प्रत्येक फेरीत डोकं सतत हादरतं आणि वळणात शरीरावर 5 जीपर्यंत, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या पाचपटीपर्यंत, भार येतो. मानेचे व्यायाम आत्तापासून चारही दिशांना सुरू करा. फेरीनंतर डोकं दुखणं, धूसर दिसणं, मळमळ यांपैकी काहीही झालं तर त्या दिवशी पुढची फेरी नाही, आणि डॉक्टरने लेखी मोकळीक दिल्याशिवाय परत बसायचं नाही. उलटल्यावर अंग बर्फावर घासून भाजतं, म्हणून आतून केव्हलरची (चिवट कृत्रिम धाग्याची) बंडी घालायला लावा. ती घालून पूर्ण जोरात धावायचा सराव इथंच करून घ्या.