पदवीदानात घरच्यांनी ओरडावं का? तुमचे अनुभव लिहा

मागच्या आठवड्यात न्यू जर्सीत भाचीचं हायस्कूलचं ग्रॅज्युएशन झालं. शेवटचं नाव होईपर्यंत टाळ्या नकोत, असं मुख्याध्यापकांनी आधीच बजावलं होतं. पाच-सहा नावांतच नियम मोडला. भाचीचं नाव आलं तशी ताई उभी राहून ओरडली, "शाब्बास गं माझी बाय!" पुढच्या रांगेतली बाई रडवेली झाली. त्या गलक्यात तिच्या मुलाचं नाव तिला ऐकूच आलं नव्हतं.

अमेरिकेत हा वाद जुना आहे. २००७ मध्ये इलिनॉयमधल्या गेल्सबर्गच्या शाळेने प्रेक्षकांतून आरोळ्या आल्या म्हणून पाच मुलांचे डिप्लोमा, म्हणजे शाळा पूर्ण केल्याचे दाखले, अडवून ठेवले होते. २०१५ मध्ये मिसिसिपीतल्या सेनाटोबियात ओरडणाऱ्या नातेवाइकांवर शांतताभंगाची तक्रारच झाली, ती पुढे मागे घेतली गेली. घरच्यांच्या आनंदाची शिक्षा मुलाला, हे मला मुळीच मान्य नाही. पण त्या बाईचा चेहराही डोळ्यांपुढून हलत नाही. तुमच्याकडे काय घडलं?

परळहून:
बाबा गिरणी कामगार. १९८२ च्या संपात गिरणी सुटली ती सुटलीच. मी घरातली पहिली पदवीधर. कॉलेजच्या हॉलमध्ये समारंभ होता. भाड्याचा काळा झगा मला दोन मापं मोठा, म्हणून आईने गळ्याशी सेफ्टीपिन लावून दिली होती. नाव पुकारलं आणि बाबांनी दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली, दहीहंडीला थर लागले की मारायचे तशीच. माइकवरून आवाज आला, "हे थिएटर नाही." हॉल हसला. बाबा खाली बसले, घर येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मला आजही ते खुपतं. संपानंतर मिळेल ते काम करून त्यांनी माझी फी भरली होती. त्या एका शिट्टीने कुणाचं काय बिघडलं होतं?

कॅलिफोर्नियाहून:
मी हायस्कूलला गणित शिकवते. समारंभात नावं मीच वाचते. पाचशे मुलं, प्रत्येकी सहा सेकंद धरले तरी पन्नास मिनिटं. प्रत्येक नावामागे पाच सेकंद ओरडा झाला की वर चाळीसेक मिनिटं, तीही उघड्या मैदानावर. तरी टाळ्यांची माझी तक्रार नाही, त्या ओसरेपर्यंत मी थांबते. एअर हॉर्न मात्र बंदच हवा, त्यात पुढची दोन नावं बुडतात. मुलं कार्डावर उच्चार लिहून देतात आणि मी आठवडाभर ती नावं घोकते. एवढं करून ते नाव आईच्या कानावर पडलंच नाही तर काय उपयोग?

अ‍ॅरिझोनाहून:
एमएसच्या वेळी माझं कुणीच येऊ शकलं नाही, आई-बाबा लातूरला मोबाइलवर बघत होते. माझ्या आधीच्या मुलासाठी अख्खी रांग उठली. माझ्या नावाला शांतता. त्या दिवशी वाटलं, सगळ्यांनाच गप्प बसवलं असतं तर बरं झालं असतं.

खडकवासल्याहून:
मुलगा एनडीएतून, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून, बाहेर पडला तेव्हा संचलनाच्या खेत्रपाल मैदानावर होतो. संथ चालीत कॅडेट 'अंतिम पग', म्हणजे प्रबोधिनीतलं शेवटचं पाऊल, टाकायला निघाले. मला ओरडावंसं वाटलं, पण घशातून आवाजच निघेना. हिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की घड्याळाचा पट्टा रुतला.

डॅलसहून:
सासरे अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी साताऱ्याहून नातीसाठी आले. एवढा प्रवास, गुडघे दुखरे. मीच त्यांना बजावलं, "बाबा, इथे टाळ्या वाजवायच्या नाहीत हं." आजूबाजूचे लोक शिट्ट्या मारत होते, घंटा वाजवत होते. सासरे मात्र दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. नातीचं नाव आलं, गेलं. मी का सांगितलं, असं मला झालं.

कार्यक्रम संपला. पार्किंगमध्ये गाडीपाशी त्यांनी काठी माझ्याकडे दिली. नातीला समोर उभं केलं, तिची टोपी सरळ केली. मग वडिलांच्या नावासकट, आडनावासकट तिचं पूर्ण नाव मोठ्याने पुकारलं आणि एकट्याने टाळ्या वाजवल्या. शेजारच्या गाडीतली अनोळखी माणसंही खाली उतरून वाजवायला लागली.