पावसाळ्यात एअर रायफलचं ग्रुपिंग (छर्रे जवळजवळ लागणं) बिघडलं, मदत हवी आहे

मंडळी, फोंड्यात घरामागे मातीच्या बांधासमोर १० मीटरवर कागदी निशाण लावून ४.५ मिमीच्या स्प्रिंगवाल्या एअर रायफलने सराव करते. उन्हाळ्यात पाचही छर्रे रुपयाच्या नाण्याखाली झाकायचे, आता चार-पाच सेंटिमीटर पसरतात. लाकडी दस्त्याचे स्क्रू आवळले की पुन्हा सैल, कारण स्प्रिंगचा धक्का दुहेरी, पुढे आणि मागे. नळीतून कोरडी चिंधी ओढली तर शिशाने काळीकुट्ट निघाली. छर्रे सोनाराच्या काट्यावर तोलले, कडा चेपलेले बाजूला काढले. अशी रायफल आवळून धरू नये, तळहातावर नुसती टेकवावी, हे मला पक्कं पटलंय. दमट हवेने दस्ता फुगला असेल का? स्क्रूंना थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) लावू की स्प्रिंग वॉशर घालू? किनारपट्टीवर राहणाऱ्यांनी जरूर सांगा.