वजन वाढलं, पण उंचीचं काय?
अमेरिकेत पोचल्यावर निर्वासित मुलांचं वजन भराभर वाढतं, म्हणजे पोषणाचा प्रश्न सुटला, असं काही जण म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. भूतानमधून हाकललेल्या नेपाळीभाषक कुटुंबांचंच बघा. पूर्व नेपाळच्या छावण्यांत वर्षानुवर्षं शिधा काय, तर तांदूळ, डाळ, तेल, साखर, मीठ. दूध, अंडी, मांस क्वचितच. पोट भरायचं, पण बी-१२ जीवनसत्त्व कुठून मिळणार? २००८ पासून ही कुटुंबं अमेरिकेत येऊ लागली आणि तिथल्या तपासण्यांत बी-१२ची कमतरता सर्रास आढळली. खुंटलेली उंची तर वजनाइतकी चटकन भरून निघत नाही. त्यात गोड सरबतं आणि चिप्स हाताशी आले, की तेच मूल लठ्ठही होतं! दवाखान्यात नुसतं वजन करून पाठवू नका, उंची मोजा, हिमोग्लोबिनही बघा.