युरोपकडे एवढा पैसा आहे मग स्वतःचं संरक्षण स्वतःला का जमेना?

टॉवेलवाला_सोलापूर
नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टेरी टॉवेलचं युनिट आहे, माल बराचसा जर्मनीला जातो. नोव्हेंबर २०२३ पासून लाल समुद्रात येमेनच्या हूथी बंडखोरांनी जहाजांवर हल्ले सुरू केले तेव्हा न्हावाशेवाहून निघालेला आमचा कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून गेला, पोचायला दोन आठवडे जास्त लागले, भाडं वाढलं ते वेगळंच, आणि त्या महिन्यात कामगारांचा पगार करायला बाबांनी आईच्या पाटल्या गहाण ठेवल्या. तेव्हापासून मी युरोपच्या बातम्या रोज वाचतो. प्रश्न असा की युरोपियन युनियनचे २७ देश, मिळून ४५ कोटी लोक, रशिया साडेचौदा कोटीच्या आसपास, तरी दरवेळी अमेरिकेच्या तोंडाकडे का बघावं लागतं? मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने युक्रेनची शस्त्रं आणि गुप्त माहिती काही दिवस थांबवली तर सगळ्या युरोपची पळापळ झाली. कुणी नीट समजावून सांगेल का?

जुळे सोलापूरचे सर
प्रश्न चांगला आहे बाळा. मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचो, मुलं हाच प्रश्न विचारायची. युरोपचं एकच सैन्य करायची कल्पना १९५० ची आहे, फ्रान्सचे तेव्हाचे पंतप्रधान रेने प्लेवेन यांनी मांडली, १९५२ मध्ये करारावर सह्याही झाल्या, आणि ३० ऑगस्ट १९५४ ला फ्रान्सच्याच संसदेने तो करार बाजूला सारला. जर्मनांच्या हातात पुन्हा बंदूक द्यायची भीती होती आणि आपलं सैन्य दुसऱ्याच्या हुकमाखाली द्यायची तयारी नव्हती. पुढच्या वर्षी पश्चिम जर्मनी नाटोत, म्हणजे अमेरिकेसोबतच्या लष्करी युतीत गेला आणि अमेरिकेच्या छत्रीखाली राहायची सवय लागली ती लागलीच.
दुसरं म्हणजे युरोपियन युनियनमध्ये परराष्ट्र धोरणाचे आणि अनेक वर्षांच्या बजेटचे निर्णय एकमताने घ्यावे लागतात. डिसेंबर २०२३ मध्ये युक्रेनसाठी ५० अब्ज युरो द्यायचे होते, एकट्या हंगेरीने अडवले, १ फेब्रुवारी २०२४ ला सुटले. भाऊबंदकीच्या जमिनीत एका भावाने सही दिली नाही की सगळ्यांचा व्यवहार अडतो, तसंच.

का_बे_सोलापूरकर
सर तुमचं पटतंय पण मला त्यांची लई कीव येत नाही बे. २०२१ मध्ये हे लोक बाहेरून जेवढा गॅस आणत होते त्यातला ४० टक्क्यांच्या वर रशियाचा होता. २०१४ मध्ये रशियाने युक्रेनचा क्रिमिया घेतला तरी नंतर रशियाहून जर्मनीला गॅस आणणारी दुसरी नॉर्ड स्ट्रीम पाइपलाइन बांधायला घेतलीच. आणि आपण रशियाचं तेल घेतलं की आपल्याला शहाणपण शिकवायला येतात. जयशंकर २०२२ मध्ये ब्रातिस्लाव्हात बोलले तेच खरंय, युरोपचे प्रश्न ते जगाचे आणि जगाचे प्रश्न मात्र युरोपचे नाहीत, हे किती दिवस चालणार?

बार्शीकर_स्वीडन
दादा, राग बरोबर आहे पण युरोप म्हणजे एक माणूस नाही. एस्टोनियाची लोकसंख्या आपल्या सोलापूर जिल्ह्याच्या निम्मीपण नाही. पोलंड आणि एस्टोनियासारखी बाल्टिक राष्ट्रं नॉर्ड स्ट्रीमच्या विरोधात पहिल्यापासून ओरडत होती, बर्लिनमध्ये कुणी ऐकलं नाही. युक्रेनने तर १९९४ मध्ये बुडापेस्टला आश्वासनावर सही घेऊन सोव्हिएत काळातली अण्वस्त्रं सोडून दिली, सही करणाऱ्यांत रशिया स्वतः होता. स्पेनच्या माणसाला रशिया लांब वाटतो, फिनलंडची १३४० किमी सीमा त्याला लागून आहे, म्हणून तर एप्रिल २०२३ मध्ये ते नाटोत गेले आणि मार्च २०२४ मध्ये स्वीडन.
इथे नोव्हेंबर २०२४ मध्ये सरकारने घरोघरी ३२ पानांची पुस्तिका पाठवली, संकट किंवा युद्ध आलं तर काय करायचं. पाणी भरून ठेवा, बॅटरीवरचा रेडिओ ठेवा. चार दिवसांनी नळ येणाऱ्या गावातून आलेल्या माझ्या बायकोला पाणी साठवायचं कुणी शिकवायला नको, पण देश शरण गेला अशी बातमी आली तर ती खोटी समजा हे वाचल्यावर ती गप्पच झाली. आमच्या बिल्डिंगच्या तळघराच्या दाराला नारिंगी चौकोनात निळा त्रिकोण अशी पाटी आहे, म्हणजे आसरा घ्यायची जागा. आत सगळ्यांच्या सायकली आहेत.

पूर्वभाग_मागवाला
मी परराष्ट्र धोरण शिकलो नाही, वडील गिरणीत जॉबर, म्हणजे मागांवरचे मुकादम होते, मी स्वतः माग चालवले. टॉवेलवाले, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला आपल्याच गावात दिसतं. मार्च २०२३ मध्ये युरोपने युक्रेनला वर्षभरात १० लाख तोफगोळे देऊ म्हणून सांगितलं आणि वर्ष संपलं तेव्हा निम्म्याच्या आसपास गेले. पैसा नव्हता का, होता. पण तीस वर्षं शांततेची म्हणून कारखाने लहान केले, माणसं कमी केली. आपल्याकडे गिरण्या बंद झाल्या, माग भंगारात गेले, जॉबर घरी बसले, कुणी रिक्षा घेतली, पोरांनी ते काम हातात धरलंच नाही. आता उद्या कुणी मोठी ऑर्डर घेऊन आला आणि टेबलावर रोख ठेवली तरी मागाचा ताणा बीमवर भरणारा हात कुठून आणणार? मशीन सहा महिन्यांत येईल हो, धागा तुटलाय हे नुसत्या आवाजावरून ओळखणारा माणूस तयार व्हायला वर्षं जातात. स्वीडनने सक्तीची सैन्यभरती २०१० मध्ये थांबवली आणि २०१७ मध्ये परत आणली असं वाचलंय, ती मधली सात वर्षं कशी भरून काढणार?

टॉवेलवाला_सोलापूर
काका, हे कुणी सांगितलंच नव्हतं. बाबांना वाचून दाखवलं, ते बराच वेळ काही बोलले नाहीत. आता काळजी वेगळीच लागलीय. जून २०२५ मध्ये हेगला नाटोने २०३५ पर्यंत जीडीपीच्या ५ टक्के संरक्षणावर खर्च करायचं ठरवलंय, त्यातले साडेतीन थेट सैन्यावर. हा पैसा कुठूनतरी येणार, आणि तिथल्या माणसाचा कर वाढला तर तो आधी टॉवेल बदलायचं पुढे ढकलेल. उद्या बायरशी कॉल आहे, ऑर्डरसोबत हेही विचारणार आहे. बार्शीकर, तुमच्या तळघरातल्या सायकली काढायला लावल्या का?

बार्शीकर_स्वीडन
अजून नाही. वेळ आली तर ४८ तासांत जागा रिकामी झाली पाहिजे असा नियम आहे. पोराची तीनचाकी अगदी मागच्या भिंतीला आहे, रविवारी पुढे आणून ठेवतो.